प्रस्तावना: इटलीची वाईन, द्राक्षबागेच्या बाजूने

द्राक्षाची वेल कशी वाढते, तिची खरड छाटणी कधी करायची आणि फळछाटणी कधी, थंडी लांबली तर घडात साखर का उतरत नाही आणि अवेळी पावसात केवडा कसा एका रात्रीत पानावर दिसू लागतो, हे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बागायतदाराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. याउलट वाईनविषयीचे बहुतेक लेखन बाटली उघडल्यानंतर सुरू होते; ते गंध, रंग आणि पेल्याचा आकार यांविषयी पुष्कळ सांगते, परंतु बागेकडे क्वचितच वळते. इटलीच्या वाईनला ही पद्धत विशेष गैरसोयीची ठरते, कारण त्या देशात वाईन ही आधी शेतीची आणि स्वयंपाकघराची वस्तू आहे आणि प्रतिष्ठेची वस्तू ती बऱ्याच नंतर झाली. म्हणून कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतला जो वाचक वेलीला ओळखतो पण वाईनला ओळखत नाही, त्याला इटलीपर्यंत पोहोचण्याची वाट इतरांपेक्षा जवळची आहे, असे या ग्रंथात गृहीत धरले आहे.

जुन्नर तालुक्याला वाईन अगदीच अनोळखी आहे असेही नाही. 1980च्या दशकात शामराव चौगुले यांच्या इंडेज समूहाने नारायणगाव येथे फ्रान्समधील शँपेन प्रांतातल्या पायपर-हाइडसिक या घराण्याच्या तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाईन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी बाजारात पाठवली. भारतीय वाईनच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात नाशिकपासून मोजण्याची सवय आता सर्वत्र रूढ झाली असली, तरी हे नारायणगावचे पर्व त्याच्या आधीचे आहे, आणि नाशिकच्या प्रसिद्धीपुढे त्याचा उल्लेख ओझरता होतो, हे न्याय्य नाही. 2008 नंतरच्या आर्थिक संकटात तो समूह मोडकळीस आला आणि पुढे न्यायालयीन प्रक्रियेतून कंपनी गुंडाळली गेली. त्यामागची कारणे हा या ग्रंथाचा विषय नाही. येथे लक्षात घ्यायची गोष्ट एवढीच की त्या प्रयोगाने आदर्श म्हणून शँपेन निवडले, म्हणजे थंड हवेच्या प्रदेशातली, मोठ्या भांडवलाची, नाममुद्रेवर आणि समारंभांवर उभी असलेली वाईन निवडली. लहान धारणक्षेत्रांच्या, सहकाराची सवय असलेल्या, तिखट जेवणाच्या आणि उन्हाळी मुलखाला फ्रान्सपेक्षा इटलीकडून शिकण्यासारखे अधिक होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि पुढील विवेचन याच मताच्या अंगाने जाते.

इटली आणि जुन्नर यांचा संबंध जुळवण्यासाठी ओढाताण करण्याची गरज नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत बॅरिगाझा, म्हणजे भरुकच्छ ऊर्फ आजचे भडोच, या बंदरात आयात होणाऱ्या मालाची यादी दिलेली आहे. त्या यादीत मद्याचा उल्लेख असून इटलीच्या मद्याला अधिक मागणी आहे आणि त्याखालोखाल लाओडिसिया व अरबस्तान येथील मद्य चालते, असे नमूद केले आहे. शिवाय तिथल्या राजासाठी खास प्रतीचे मद्य आणले जाई, असेही म्हटले आहे. हा राजा म्हणजे क्षत्रप नहपान, असे बहुतेक इतिहासकार मानतात, आणि त्याच नहपानाचा अमात्य अयम याने, लेखातल्याच कालगणनेनुसार, 46 या वर्षी दिलेल्या मंडपाचा व पाण्याच्या पोढीचा शिलालेख जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील लेण्यांत आहे. जुन्नरच्याच लेण्यांत यवन म्हणवणाऱ्या तीन दात्यांचे लेखही आढळतात: इरिलाने दोन पोढ्या दिल्या, चिताने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला आणि चंदाने गर्भद्वार दिले. नाणेघाटातून वर आलेला कोकणचा माल जुन्नरमार्गे पैठणकडे जात असे, हे तर शाळकरी पुस्तकांतही येते.

मात्र एवढ्या पुराव्यावरून जुन्नरच्या बाजारात इटलीची वाईन सर्रास विकली जात होती असे म्हणणे घाईचे ठरेल. पश्चिम भारतातील उत्खननांत सापडलेले जे घडे पूर्वी सरसकट रोमन मद्यघडे म्हणून नोंदवले गेले, त्यांपैकी बरेचसे मेसोपोटेमियातले, तळाशी निमुळते होत जाणारे ‘टॉर्पेडो’ घडे असल्याचे रॉबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. यवन हा शब्दही केवळ ग्रीक-रोमनांपुरता वापरला जात होता असे नाही. तरीही सातवाहनकालीन दख्खनच्या श्रीमंत थरात इटलीचे मद्य हा ओळखीचा आणि पसंतीचा माल होता, एवढे म्हणायला आधार आहे, आणि वाईन ही कालपरवा आलेली परकी वस्तू आहे या समजाला तेवढ्याने पुरेसा छेद जातो.

आता वेलीकडे वळू. इटलीत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. पाने गळतात, काडी उघडी पडते, हिवाळ्याच्या अखेरीस एकदाच छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घड उतरवले जातात. जुन्नरची वेल झोपत नाही. तिला एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली फळछाटणी अशा दोन छाटण्या देऊन फळाचा हंगाम थंडीत ओढून आणावा लागतो, आणि डोळे एकसारखे फुटावेत म्हणून फळछाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करावे लागते. याचा परिणाम सरळ रसावर होतो. इटलीत फळ पिकते ते उतरत्या उष्णतेत, दिवस लहान होत असताना; आपल्याकडे ते पिकते फेब्रुवारी-मार्चमध्ये, दिवसागणिक ऊन वाढत असताना. ऊन वाढले की साखर झपाट्याने चढते आणि आम्ल, विशेषतः सफरचंदातही असणारे मॅलिक आम्ल, तितक्याच झपाट्याने उतरते. वाईनचा कणा आम्ल असतो, साखर नव्हे; साखरेचे यीस्ट नावाच्या सूक्ष्मजीवाकडून अल्कोहोलमध्ये रूपांतर होते, ज्याला किण्वन म्हणतात, पण मुळात उणे असलेले आम्ल किण्वनातून भरून निघत नाही. त्यामुळे इटलीच्या वाईनची पहिली ओळख म्हणून जी गोष्ट सांगावी लागते, ती तिचा ठसठशीत आंबटपणा ही होय, आणि खाण्याच्या द्राक्षात गोडी शोधणाऱ्या जिभेला तो प्रथम खटकतो.

जुन्नरचा मांडव पाहिलेल्या माणसाला इटलीतले कित्येक मळे पाहून नवल वाटणार नाही. आब्रुत्सो आणि पुल्या या प्रांतांत ‘तेंदोने’ नावाची पद्धत आहे, तीत वेली माणसाच्या उंचीवर तारांच्या जाळीवर आडव्या पसरवतात आणि घड खाली लोंबतात; त्रेंतिनोच्या उतारांवर एका बाजूला कललेला ‘पेर्गोला’ असतो, जो आपल्या वाय पद्धतीची आठवण करून देतो. फरक घडात आहे. खाण्याच्या द्राक्षासाठी मणी फुगवायचा असतो, त्यासाठी जीए या संजीवकाचे डिपिंग, मण्यांची विरळणी आणि पाणी यांची जोड द्यावी लागते, आणि पातळ सालीचा, बिनबियांचा, टपोरा मणी ही बागायतदाराची मिळकत असते. वाईनला यातले काहीच नको असते. वाईनला लहान मणी, जाड साल आणि बी हवे असते, कारण रंग, गंध आणि तुरटपणा सालीत व बीमध्ये असतात, गरात नव्हे. म्हणूनच कियांती क्लासिको या प्रसिद्ध वाईनच्या नियमांत हेक्टरी साडेसात टनांपेक्षा, म्हणजे एकरी साधारण तीन टनांपेक्षा, जास्त द्राक्षे घेण्यास मनाई आहे, आणि बारोलोसाठी ती मर्यादा हेक्टरी आठ टन आहे. एकरी आठ-दहा टन काढणाऱ्या नारायणगाव परिसरातल्या बागायतदाराला हा आकडा दिवाळखोरीचा वाटेल, आणि वाईनच्या द्राक्षाला त्या प्रमाणात भाव मिळत नसेल तर तो खरोखरच दिवाळखोरीचा आहे.

तुरटपणाविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे, कारण इटलीच्या लाल वाईन येथेच बहुतेकांच्या हातून निसटतात. सालीतल्या आणि बीमधल्या ज्या द्रव्यामुळे जीभ आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात, त्याला टॅनिन म्हणतात. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली महादेव कोळी समाजाची कुटुंबे जो हिरडा गोळा करून विकतात, त्याला चामडे कमावण्याच्या धंद्यात इतकी मागणी असे ती याच वर्गातल्या द्रव्यांमुळे. हिरड्यातील आणि द्राक्षातील टॅनिनची रासायनिक जात वेगळी असली, तरी प्रथिनांना आवळून धरण्याचा दोघांचा गुण एकच आहे. हाच गुण लाल वाईन आणि मांस यांच्या मैत्रीचे कारण आहे, कारण मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला गुंतवतात आणि जिभेवरची धार कमी होते. तुरटपणा हा वाईनचा दोष आहे असे समजून जो पहिल्या घोटावर पेला खाली ठेवतो, त्याने ती वाईन जेवणाशिवाय चाखली असण्याची शक्यता अधिक असते.

इटलीत वीस प्रांत आहेत आणि वाईनसाठी अधिकृत नोंद असलेल्या द्राक्षजाती साडेतीनशेहून अधिक आहेत. ही संख्या ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण आरंभी चार-पाच जाती पुरतात. उत्तरेला पिएमोंते प्रांतात नेब्बिओलो ही जात आहे, जिच्यापासून बारोलो आणि बार्बारेस्को होतात. तिचा रंग फिका पण टॅनिन आणि आम्ल दोन्ही प्रखर, त्यामुळे बारोलो किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही आणि त्यांतले 18 महिने ती लाकडी पिंपात असावी लागते. त्याच प्रांतातली बार्बेरा ही जात नेमकी उलट स्वभावाची, भरपूर आम्ल पण अल्प टॅनिन असलेली, गडद, रसाळ आणि रोजच्या जेवणाची आहे. मध्य इटलीत तोस्काना प्रांतावर सांजोवेझे या जातीचे राज्य आहे. कियांती, ब्रुनेल्लो दी मोंतालचीनो आणि विनो नोबिले दी मोंतेपुल्चानो या तिन्ही तिच्याच वाईन. दक्षिणेला सिसिली बेटावर नेरो दाव्होला आहे, जिचा मुलूख उन्हाच्या बाबतीत महाराष्ट्राला बराच जवळचा आहे. फेसाळ वाईनमध्ये ईशान्येकडची प्रोसेक्को, जी ग्लेरा या जातीपासून होते आणि जिला फेस आणणारे दुसरे किण्वन बाटलीत न होता बंद टाकीत होते. ही टाकीची पद्धत फेदेरिको मार्तिनोत्ती या इटालियन संशोधकाने 1895 मध्ये प्रथम नोंदवली. नारायणगावच्या ‘ओमर खय्याम’साठी मात्र बाटलीतल्या किण्वनाची, अधिक खर्चाची शँपेनची पद्धत घेतली गेली होती.

इटलीच्या बाटलीवरील नावांनी गोंधळ होतो, याचे कारण त्या देशाची कायद्याची रचना आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने 1716 मध्येच कियांतीसह चार वाईनप्रदेशांच्या सीमा फर्मानाने ठरवून दिल्या होत्या, आणि 1872 मध्ये बेत्तीनो रिकासोली या जमीनदाराने, जो संयुक्त इटलीचा पंतप्रधानही होऊन गेला होता, कियांतीत मुख्यतः सांजोवेझे असावी, तिला मृदुत्व आणण्यासाठी कानायोलो घालावी आणि लवकर प्यायच्या वाईनपुरती पांढरी माल्वाझिया चालेल, असे सूत्र मांडले. 1963च्या कायद्याने ‘डीओसी’ ही संरक्षित मूळस्थानाची श्रेणी निर्माण झाली आणि 1966 मध्ये सान जिमिन्यानो गावची पांढरी व्हेर्नाच्चा ही या श्रेणीत नोंदवलेली पहिली वाईन ठरली. 1980 पासून त्यावरची, तपासणीच्या हमीची ‘डीओसीजी’ श्रेणी प्रत्यक्षात आली. परंतु कायदा नेहमीच शहाणा नसतो. 1967च्या नियमांनी कियांतीत 10 ते 30 टक्के पांढरी द्राक्षे घालणे बंधनकारकच केले, म्हणजे रिकासोलीने जे सवलत म्हणून सांगितले त्याचे सक्तीत रूपांतर झाले, आणि वाईन पाणचट होऊ लागली. तेव्हा काही उत्पादकांनी नियम सोडून मनासारखी वाईन करायला घेतली आणि ती साधी टेबल वाईन म्हणून विकली. बोल्गेरीची सासिकाया 1968च्या द्राक्षांपासून आणि आंतिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो 1971च्या द्राक्षांपासून बाजारात आली, आणि देशातल्या सर्वांत महाग बाटल्या सर्वांत खालच्या श्रेणीत, अशी विचित्र स्थिती उद्भवली. 1986 मध्ये स्वस्त वाईनमध्ये मेथॅनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा दर्जाचा प्रश्न सरकारला टाळता येईना. 1992च्या नव्या कायद्यात ‘आयजीटी’ ही लवचिक श्रेणी आली. आता कियांती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना पूर्ण बंदी असून सांजोवेझे किमान 80 टक्के लागते.

नवख्या वाचकाने बाटली हातात घेतल्यावर आधी उत्पादकाचे नाव पाहावे, मग प्रदेशाचे, आणि श्रेणीची अक्षरे सर्वांत शेवटी. ‘क्लासिको’ म्हणजे त्या प्रदेशाचा जुना गाभा, नंतर वाढवलेला भाग नव्हे; ‘रिझर्व्हा’ म्हणजे अधिक काळ मुरवलेली. एक सापळा मात्र ध्यानात ठेवावा: मोंतेपुल्चानो हे तोस्कानातल्या एका गावाचे नाव आहे आणि आब्रुत्सोतल्या एका द्राक्षजातीचेही, आणि दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

इटलीची एक परंपरा महाराष्ट्राच्या वाचकाला विशेष रुचेल. व्हेरोनाजवळच्या वाल्पोलिचेल्ला प्रदेशात कोर्व्हिना आणि तिच्या सोबतच्या जातींचे घड उतरवून ते हवेशीर माळ्यांवर तीन-चार महिने सुकवत ठेवतात, आणि वजन घटून साखर व गंध दाट झाल्यावरच ते पिळून किण्वन करतात. अशी वाईन पूर्ण किण्वित होऊन गोडी न राहिली तर ती आमारोने आणि गोडी राखली तर रेचोतो. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याच्या शेडवर जे पाहायला मिळते त्याचाच हा अर्धवट थांबवलेला प्रकार आहे. आपल्याकडे मात्र बेदाण्याचे ज्ञान बेदाण्यापुरते आणि वाईनचे ज्ञान वाईनपुरते राहिले.

सहकाराच्या बाबतीत तर तुलना टाळताच येत नाही. इटलीतल्या एकूण वाईनपैकी निम्म्याच्या आसपास वाईन सहकारी तळघरांतून येते, ज्यांना ‘कान्तीना सोचाले’ म्हणतात. बार्बारेस्को गावात 1958 मध्ये तिथल्या धर्मगुरूच्या पुढाकाराने 19 लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही संस्था काढली. पहिल्या काही हंगामांची वाईन चर्चच्या तळघरात झाली, आणि आज ती जगातल्या उत्तम सहकारी संस्थांत गणली जाते. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, म्हणजे शेतकऱ्याचे पीक एकत्र आणून त्यावर प्रक्रिया करण्याची शिस्त या मातीला नवी नव्हती. द्राक्षाच्या वाईनला मात्र ती मिळाली नाही. येथे ती कंपनी आणि करारशेतीच्या वाटेने आली, आणि कंपनी गेली तेव्हा शेतकऱ्याच्या हाती तळघर उरले नाही.

महाराष्ट्रात इटलीचा थेट हात लागलेला प्रयोग जुन्नरपासून दूर, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजच्या परिसरात झाला. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की या तीन कुटुंबांतल्या भावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ उभी केली आणि तोस्कानाचे अनुभवी वाईनकार पिएरो मासी यांनी तिची वाईन घडवली. कॅबर्ने सोव्हिन्यों आणि सांजोवेझे यांच्या मिश्रणाची त्यांची ‘सेत्ते’ ही वाईन आणि सांजोवेझेपासूनच केलेली पांढरी वाईन यांतून ती जात दख्खनच्या पठारावर रुजू शकते हे सिद्ध झाले. इटलीहून आलेल्या बाटलीवर भारतात आयातशुल्काचा मोठा बोजा दीर्घकाळ राहिल्याने, सांजोवेझेची पहिली ओळख स्वदेशी बाटलीतूनच करून घेणे खिशालाही परवडते. मग त्याच जातीची तोस्कानाची बाटली शेजारी ठेवून पाहिली, तर उन्हाने आम्लाचे काय होते हे जिभेवरच कळते.

राहिला जेवणाचा प्रश्न. नियम असा आहे की तिखटाची आग अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही वाढवतात, आणि थोडी गोडी, थंडपणा व आम्ल ती शमवतात. म्हणून नारायणगाव-मंचर भागातल्या मासवडीच्या तिखट रश्श्यासोबत बारोलो उघडणे हा दोघांचाही अपमान आहे. तिथे एमिल्या-रोमान्याची किंचित फेसाळ, लाल लांब्रुस्को किंवा थंड केलेली बार्बेरा उत्तम. खोबरे-तिळाच्या सारणाची तेलकट जडता आम्लाने कापली जाते, आणि मासवडी रश्श्यात न बुडवता नुसती खाल्ली तर सुकी, म्हणजे गोडी नसलेली, प्रोसेक्कोही चालते. पिएमोंतेची मोस्कातो दास्ती ही सुमारे पाच-साडेपाच टक्के अल्कोहोलची गोडसर, हलकी वाईन पुरणपोळीसोबत चाखून पाहावी. वरणभातासारख्या सौम्य जेवणाला सोआव्हे किंवा व्हेर्नाच्चा या पांढऱ्या वाईन पुरेशा आहेत. मटणाचा सुका प्रकार, ज्यात मसाला आहे पण आग नाही, तोच सांजोवेझेचा खरा सोबती.

तापमानाविषयी युरोपीय पुस्तके जो सल्ला देतात, तो येथे जसाच्या तसा लागू होत नाही. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी, हे वाक्य 16 ते 18 अंशांच्या खोलीत लिहिले गेले; एप्रिलमधल्या मंचरच्या खोलीत ते पाळले तर बाटलीतून गंधाऐवजी केवळ अल्कोहोलचा भपका येतो. लाल वाईन अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच ओतावी आणि प्रोसेक्को चांगली थंड, सहा ते आठ अंशांची असावी. पत्र्याच्या छपराखालची किंवा स्वयंपाकघरातली फळी ही बाटलीची जागा नव्हे. महाराष्ट्रात मद्यसेवनासाठी परवान्याची आणि वयाची कायदेशीर अट आहे, हेही येथेच नमूद केलेले बरे.

पुढील प्रकरणांची मांडणी उत्तरेकडून दक्षिणेकडे न करता जेवणाच्या क्रमाने केली आहे, आणि बारोलो व ब्रुनेल्लो या थोर वाईनना जाणीवपूर्वक शेवटी ठेवले आहे. पहिले प्रकरण बार्बेराचे आहे.